पाहुणीच्या हातचा जाळ

दोन्ही बाह्या डाव्या कापल्या गेल्या होत्या. सत्तावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. एक बाही कापून झाली की कागदाचा नमुना पालथा करायचा आणि मग दुसरी कापायची, हे नवीन लागलेली पोरगीसुद्धा पहिल्या आठवड्यात शिकते. आणि इथे कपड्यांच्या कारखान्यातली, नमुनाखात्यातली सगळ्यांत जुनी कटर समोर दोन डाव्या बाह्या घेऊन उभी होती. कारण एवढंच की मध्येच दादाचा फोन आला. "टाचणे," तो म्हणाला, "यंदा सुट्टीला इकडे ये. नदीवरच्या जाळाची पाळी आमच्या गल्लीची आहे, आणि पेटवायला पाहुणा लागतो. तू पाहुणी म्हणून ये." लहानपणी ती बाबांच्या शिंपीकामाच्या दुकानात तोंडात टाचण्या धरून बसायची, अंगानंही तशीच होती, म्हणून टाचणी. आता पन्नाशी उलटली तरी दादाच्या तोंडी तेच नाव. हाक बहिणीला आणि आमंत्रण पाहुणीला. फोन ठेवल्यावर तो शब्द दाताच्या फटीत अडकल्यासारखा तोंडात राहिला आणि कात्री चालत राहिली. खात्यातल्या मुली हसल्या. सुपरवायझर म्हणाला, "काय बाई, एकाच बाजूला दोन हात असलेलं गिऱ्हाईक आलंय वाटतं?" त्यावर तोंडभरून उत्तर देता आलं असतं. तिनं "राहू दे" म्हटलं, बाह्या घडी करून खालच्या कप्प्यात टाकल्या आणि नवीन कापड पसरलं.

हे "राहू दे" तिला जन्मजात चिकटलेलं असावं. तिच्या खिडकीजवळच्या जागेवर नवीन मशीन बसवलं, तेव्हा राहू दे. तिनं बसवलेली कॉलर दुसऱ्याच्या नावावर गेली, तेव्हा राहू दे. सहा वर्षांपूर्वी बाबा गेले, दुकान रिकामं केलं, आणि कापड बेतायचं मोठं टेबल कुणाकडे जायचं असा प्रश्न निघाला, तेव्हाही तिनं आपल्या एका खोलीच्या घराकडे मनातल्या मनात पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे तुझ्याकडे." शेवटच्या आजारात बाबा म्हणाले होते, "टेबल टाचणीचं. त्याच्यावर हात तिचा बसलाय." दादा तिथंच पाणी ओतत होता, त्यानं मान डोलावली होती. राहू दे म्हणजे ठेव, सांभाळ, माझं आहे पण तुझ्या घरात असू दे. इतकी साधी गोष्ट. ती फोड करून सांगायला लागेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ती जाळाच्या आदल्या संध्याकाळी पोचली. दादा मागच्या वर्षी निवृत्त झाला आणि यंदा वहिनीच्या गावी, नदीकाठच्या एका बैठ्या घरात राहायला आला. तिनं हे घर पाहिलेलं नव्हतं. वहिनीनं दारातच तिची पिशवी काढून घेतली, "या वन्सं, दमलात," म्हणून गरम पाणी दिलं, चहा दिला, नवीन चादर घातलेला पलंग दाखवला. ही सगळी सरबराई अंगावर घेत टाचणी पुढच्या खोलीत उभी राहिली. खोलीत दोन खुर्च्या, एक कपाट, आणि खिडकीखाली लांबच लांब मोकळी जागा. "टेबल कुठंय?" तिनं विचारलं. वहिनी चहाची कपबशी धरून म्हणाली, "ते ना, इथं मावलं नाही. साखर कमी तर नाही ना पडली?" टाचणीनं साखर बरोबर आहे म्हणून सांगितलं. मागच्या अंगणात असेल, शेजाऱ्याकडे असेल, असं स्वतःची समजूत घालत ती झोपली. पण नव्या चादरीला खळीचा वास येत होता, आणि त्या वासानं तिला दुकान आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं नदीवर गेली. सुट्टीचा शेवटचा दिवस, त्यामुळे काठावर ही गर्दी. थर्मास, घोंगड्या, उकडलेल्या बटाट्यांचे डबे, थंडीनं लाल झालेली नाकं. पाणी करडं आणि संथ होतं, पलीकडचा काठ धुक्यात अर्धा बुडाला होता. मध्ये तो ढीग. दोन माणसांच्या उंचीचा, खाली रुंद, वर निमुळता. मोडकी शिडी, खिडक्यांच्या चौकटी, कुणाच्या तरी होडीच्या फळ्या, पाळण्याचा एक कठडा, पाय गेलेल्या खुर्च्या. प्रत्येक घरानं एक लाकडी वस्तू द्यायची आणि सुट्टी संपताना ती जाळायची, अशी इथली रीत. गल्लीतले जुने पोस्टमास्तर, गळ्याला मफलर आणि हातात काठी, तिला हौसेनं सगळं सांगत होते. "आता स्वतःची वस्तू स्वतःच्या हातानं कुणाला जाळवते? म्हणून परगावचा पाहुणा. त्याचं ढिगात काही नाही, म्हणून त्याचा हात अडखळत नाही. मी तुम्हाला विचारणार, या ढिगात तुमचं काही आहे का? तुम्ही म्हणायचं, नाही. मी म्हणणार, मग पेटवा. झालं. इथे, या तोंडातून." त्यांनी काठीनं ढिगाचं तोंड दाखवलं. तिथं एक टेबल उभं केलं होतं, त्याच्याखाली वाळलं गवत गच्च कोंबलं होतं आणि वर फळांची रिकामी खोकी रचली होती. "चांगलं मजबूत मिळालं यंदा," पोस्टमास्तर म्हणाले. "तोंडाला मजबूतच लागतं. नाहीतर जाळ नीट आत शिरत नाही."

तिनं पाहिलं ते आधी पितळी खिळे. कापड मोजायला काठाला फुटाफुटावर एक, आणि तिसऱ्याच्या जागी स्क्रू. तो खिळा एका लग्नसराईत उपटला गेला होता, आणि बाबांनी सहा महिने "लावतो, लावतो" करून शेवटी हाताला आला तो स्क्रू पिळला होता. तरी तिचा विश्वास बसेना. अशी टेबलं जगात पुष्कळ असतील. ती वाकली आणि फळीच्या खालून, आतल्या बाजूनं हात फिरवला, न बघता, सवयीनं. बोटाला टोचलं. एक, दोन, पाच, सगळ्या रांगेत. दहा वर्षांची असताना काज करता करता तोंडातल्या टाचण्या ती तिथं खोचून ठेवायची. बाबांनी एकदा गुडघा आपटून घेतला आणि ओरडले, पण काढायला लावल्या नाहीत. "असू दे," म्हणाले, "कोण कुठं बसतं ते कळतं." गंजून काळ्या पडलेल्या त्या टाचण्या अजून तिथं होत्या. बोटावर रक्ताचा एवढासा थेंब आला. तिनं तो चोखला, आणि तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा नीट समजलं.

दादा होडीच्या फळ्यांपाशी कुणाशी तरी हसत होता. तिनं त्याच्या कोटाची बाही धरली आणि बाजूला आणलं. "ते टेबल बाबांचं आहे."

"हो गं." तो जरा वरमला. "सांगणारच होतो."

"कधी? राख गार झाल्यावर?"

"तसं नाही. दारातून जाईना ते. सामान आणणाऱ्यांनी अर्धा तास खटपट केली, म्हणाले पाय कापावे लागतील. पाय कापायला काही माझं मन होईना."

"आणि जाळायला झालं?"

"दोन महिने अंगणात होतं, प्लास्टिक टाकून. फळी फुगली. मग वाटलं, इथं सगळी देतात, त्या निमित्तानं नीट मानानं तरी जाईल. मुद्दाम तोंडाशी ठेवायला सांगितलं मी." हे त्यानं इतक्या चांगुलपणानं सांगितलं की तिला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. "आणि तूच तर म्हणाली होतीस ना, राहू दे म्हणून."

तिनं त्याची बाही सोडून दिली. दादा तेही 'राहू दे'च समजला आणि तिचा खांदा थोपटून पुन्हा माणसांत गेला. दारातून जाईना! ती मनात तेच तेच घोकत राहिली. दुकानाचं दार काय मोठं होतं? इथल्या दारापेक्षा वीतभर अरुंदच असेल. दरवर्षी रंग काढायच्या वेळी ते टेबल बाहेर निघायचं आणि परत आत जायचं. बाबा एका टोकाला, दादा दुसऱ्या टोकाला, आणि ही चौकटीत, कारण बारीक म्हणून तीच तिथं मावायची. टेबल कुशीवर घ्यायचं. पुढचे दोन पाय आधी आत. मग फळी चौकटीभोवती फिरवत न्यायची, की मागचे पाय आपण होऊन वळून येतात. बाबा ओरडायचे, "बाहीत हात घालतो तसं! आधी हात, मग खांदा!" दरवर्षी तेच ओरडणं, दरवर्षी दादाचं लक्ष रस्त्यावर, कारण त्याला खेळायला जायचं असायचं. तेव्हाही तो टेबलाच्या टोकाला होता आणि तिथं नव्हता. पुढे तो शिकायला गेला, नोकरीला गेला, त्याचं लग्न झालं. ती मात्र शाळा सुटली की काज, नववीनंतर शाळाच सुटली तर दिवसभर काज, मग गळे, मग बाह्यांचे मुंढे, मग एक दिवस बाबांनी खडू तिच्या हातात दिला आणि स्वतः स्टुलावर बसून पाहत राहिले. पहिला कोट तिनं त्या फळीवर बेतला तेव्हा तिचे हात इतके थरथरत होते की खडूची रेघ दातेरी आली. बाबा म्हणाले, "रेघ पुसता येते, घाबरतेस काय." तिच्या हातात जे काही आहे, ज्याच्यावर ती आज परक्या शहरात एकटी पोट भरते, ताठ मानेनं राहते, ते सगळं त्या फळीतून आलेलं होतं. त्या फळीखाली आता गवत कोंबलं होतं, आणि त्याला काडी लावायचा मान तिचा.

मान! ती काठाकाठानं चालत राहिली. राग आला की तिला चालावं लागे, बसल्या जागी राग आवरत नसे. एका बाईनं तिला बोलावून डब्यातला बटाटा दिला, "तुम्हीच ना पाहुण्या? किती लांबून आलात!" तिनं बटाटा घेतला आणि तो हातात गार होईपर्यंत धरून ठेवला. लांबून आले, हो. बहीण एका रात्रीच्या प्रवासाइतकी लांब राहिली की ती पाहुणी होते, तिला नवी चादर मिळते, साखर विचारली जाते आणि तिच्या वस्तूबद्दल मात्र कुणी विचारत नाही. विचारायचं कशाला? ती काय म्हणणार, राहू दे म्हणणार. सगळ्यांना माहीत आहे. सुपरवायझरला माहीत आहे, दादाला माहीत आहे, तो बिनघोर होता तो याच भरवशावर. या विचारानं तिला स्वतःचीही चीड आली, दादापेक्षा जास्तच आली. कारण दादा निदान विसरला होता. तिला सगळं आठवत होतं आणि तरी मघाशी ती गप्प बसली होती.

उजेड मावळायला लागला तशी माणसं ढिगाभोवती गोळा झाली. वहिनी तिच्याजवळ येऊन कुजबुजली, "काही नाही हं वन्सं, नुसतं 'नाही' म्हणायचं. गेल्या वर्षीचे पाहुणे इतक्या हळू बोलले की कुणाला ऐकूच आलं नाही." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून वहिनी थबकली. "तुम्हाला वाईट वाटलंय. मी ह्यांना म्हटलं होतं, आधी वन्संना विचारा."

"मग?"

"मग काय. म्हणाले, ती कुठं काय म्हणतेय."

पोस्टमास्तरांनी तेलात बुडवलेला पलिता पेटवून तिच्या हातात दिला. तो वाटला होता त्यापेक्षा जड होता आणि त्याची धग थेट गालाला लागत होती. लोकांची बोलणी थांबली. नदीवरून गार वारा आला, ज्योत तिच्या बाजूला झुकली, आणि त्या उजेडात खोक्यांखालचे पितळी खिळे ओळीनं चमकले, एक, दोन, मग स्क्रूचा मंद ठिपका, मग चार. पोस्टमास्तरांनी घसा खाकरला आणि मोठ्यानं, गात असल्यासारखं विचारलं, "पाहुण्या बाई, या ढिगात तुमचं काही आहे का?"

तिला दादा दिसला. तो हात चोळत हसऱ्या तोंडानं उभा होता, पोरीच्या शाळेचा कार्यक्रम बघायला आलेल्या बापासारखा. राहू दे, तिच्या आत कुणीतरी सवयीनं म्हणालं. एवढी माणसं थंडीत उभी आहेत, लेकरं कुडकुडताहेत, दादाची शोभा होईल, फळी फुगलीच आहे, तुझ्या खोलीत ते मावणारही नाही, राहू दे. आणि तिच्या लक्षात आलं की यातलं एकेक खरं आहे. दोन डाव्या बाह्यासुद्धा एकेकट्या पाहिल्या तर अगदी नीट कापलेल्या होत्या.

"आहे," ती म्हणाली.

पोस्टमास्तरांचं "मग पेटवा" तोंडातून निम्मं बाहेर आलंच होतं. ते त्यांनी गिळलं. "काय म्हणालात?"

"आहे म्हटलं. हे टेबल माझं आहे. मला कुणी विचारलं नाही." आवाज फाटला. तिनं तो सावरायचा प्रयत्न केला नाही. "मी बहीण आहे त्याची. पाहुणी असते तर मी नाही म्हटलं असतं."

कुणीतरी मागून हसलं आणि लगेच गप्प झालं. पोस्टमास्तर काठीवर रेलून विचारात पडले. चाळीस वर्षं ते हा प्रश्न विचारत आले होते, आणि या उत्तराची सोय कुणी करून ठेवलेली नव्हती. "आता ज्याचं आहे त्यानं ते काढून घ्यावं," ते शेवटी म्हणाले, "आणि ज्यानं दिलं त्यानं हात लावू नये. मला तरी हेच दिसतं. दिलेली वस्तू परत घेता येत नाही." मग दादाकडे वळून, "तुम्ही दिलंत ना हे?"

आता सगळ्यांचे डोळे दादाकडे गेले. त्याचं हसू उतरायचं विसरून तोंडावर तसंच राहिलं होतं. टाचणीनं पलिता पोस्टमास्तरांच्या हातात दिला, वरचं पहिलं खोकं उचलून खाली टाकलं, मग दुसरं. तिसरं खोकं अडकलं होतं, ते तिनं हिसडा मारून काढलं तेव्हा तिच्या शालीचं टोक फाटलं. लोक बघत होते. अशी एकटी ती रात्रभरसुद्धा उपसत राहिली असती. गवत तिनं दोन्ही हातांनी ओढून काढलं, आणि टेबलाचा काठ धरून जोर लावला. टेबल वीतभर सरकलं आणि वाळूत रुतलं.

"दिलं मी," दादा म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "पण ते माझं नव्हतंच. बाबांनी माझ्यादेखत तिला दिलं होतं."

पोस्टमास्तरांनी काठी बाजूला घेतली, वाट दिल्यासारखी. दादा पुढं आला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाशी वाकून उभा राहिला, हात न लावता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. केस विरळ झाले होते, कोटाच्या खांद्याची शिलाई उसवली होती. कुणा नवख्या शिंप्यानं मुंढा आवळून कापला होता, ते तिला रागातही दिसलं. राग काही उतरला नव्हता.

"बघतोस काय," ती म्हणाली. "उचल."

घराच्या वाटेवर दोघांनी टेबल उलटं धरलं होतं, चार पाय आभाळाकडे. फळीत पाणी मुरल्यामुळे ते पूर्वीपेक्षा जड झालं होतं. दादाला दोनदा दम लागला, दोनदा ती थांबली, पण खाली ठेव म्हणाली नाही. मागे काठावर कुणीतरी हाका मारत होतं. पलीकडच्या तीरावरून होडीनं आलेल्या एका मासेवाल्याला पेटवायला पकडून आणत होते, त्याचं या गावात काही नव्हतं. वहिनी पुढं धावत जाऊन दार उघडून, पुढच्या खोलीतला दिवा लावून उभी होती.

दाराशी आल्यावर दादानं टेबल खाली ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बघ तूच. जातंय का सांग. चार माणसांनी प्रयत्न केला होता."

ती चौकटीत शिरली. आता ती तितकी बारीक राहिली नव्हती, तरी मावली. "कुशीवर घे," ती म्हणाली. "माझ्याकडे पाय कर. तसं नाही, पाय आधी." त्यानं घेतलं. पुढचे दोन पाय तिनं आत ओढले, फळी चौकटीला टेकवली आणि हळूहळू फिरवायला सुरुवात केली. दादाची नजर या वेळी रस्त्यावर नव्हती, तिच्या हातांवर होती. "आधी हात," तो एकदम पुटपुटला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. मागचे पाय चौकटीला न घासता वळले आणि टेबल सरळ खोलीत आलं.

दोघांनी ते खिडकीखाली ठेवलं. त्या मोकळ्या जागेत ते नेमकं बसलं, दोन्हीकडे चार बोटं जागा राहिली. बाहेर नदीच्या बाजूला लाल उजेड चढत होता, माणसांचा गलका ऐकू येत होता. टाचणीनं शालीच्या फाटक्या टोकानं फळीवरचं गवत झाडलं. फळी मध्ये फुगली होती, कापड आता सपाट पडलं नसतं.

"इतकं सोपं होतं," दादा म्हणाला.

"एक फोन केला असतास तर सांगितलं असतं."

"केला होता गं मी फोन," तो खालमानेनं म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "पाहुणीला."